१९ मिनिटं रक्त बंद, अंग २० डिग्रीवर: आबांचं ऑपरेशन आणि कोल्हापुरातल्या हार्ट युनिटचा अनुभव

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ऑपरेशनला आता साडेचार महिने झाले, टाके वाळले, माणूस परत गोठ्यात जायला लागलाय, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही कारण पुढं तक्रारी पण येणार आहेत आणि कुणाची बदनामी करायची नाही. कोल्हापुरातलंच आहे, हार्टचं मोठं युनिट आहे, एवढं पुरे. ज्यांच्या घरात कुणाला डॉक्टरांनी सांगितलंय की छातीतल्या मोठ्या नसेला फुगा आलाय आणि ऑपरेशनच्या वेळी थोडा वेळ डोक्याचा सुद्धा रक्तपुरवठा बंद ठेवावा लागेल, त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे हातपाय गार पडले होते आणि त्या आठवड्यात मराठीत सरळ समजावून सांगणारं काहीच हाताला लागलं नव्हतं.

स्टार द्यायचेच तर ऑपरेशन करणाऱ्या टीमला ५ पैकी ५, आयसीयूच्या सिस्टरना ५, नातेवाइकांना माहिती देण्याला २, बिलिंगला १. सगळं मिळून ४ देतोय, कारण माणूस घरी आला आणि डोकं शाबूत घेऊन आला.

झालं असं की आबांना हर्नियाचा त्रास होता, ते साधं ऑपरेशन करायचं म्हणून फिटनेससाठी टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढली, आणि इको काढणारे डॉक्टर प्रोब तसाच धरून बराच वेळ गप्प बसले. मग सीटी अँजिओ, म्हणजे नसांचा सीटी स्कॅन. हृदयातनं वर निघणारी महाधमनी, डॉक्टर लोक एओर्टा म्हणतात ती, ५.८ सेंटिमीटर फुगलेली. नॉर्मल तीन-साडेतीनच्या आसपास असते आणि साधारण साडेपाचच्या वर गेली की फाटायची भीती वाढते म्हणून ऑपरेशनचा सल्ला देतात. आबांना दुखत खुपत काही नव्हतं. ६३ वर्षांचा माणूस, पहाटे चारला उठून म्हशींच्या धारा काढतोय, त्याला पटवायला आम्हाला पंधरा दिवस लागले.

आता मुख्य गोष्ट. सर्जन सरांनी आम्हाला पाऊण तास दिला. ओपीडीत बाहेर गर्दी असताना पाऊण तास, हे मी विसरणार नाही. केसपेपरच्या मागं त्यांनी छत्रीच्या मुठीसारखी आकृती काढली. हृदयातनं नस वर जाते, मुठीसारखी वळते, मग पाठीमागनं खाली पोटाकडं जाते, आणि त्या वळणावरनं तीन फांद्या निघतात, त्या दोन्ही हातांना आणि डोक्याला रक्त नेतात. फुगा नुसता हृदयाजवळच्या सरळ भागात असता तर त्याच्या वरती चिमटा लावून, हार्ट-लंग मशीनवर (हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम बाहेरनं करणारं यंत्र) बाकीचं अंग चालू ठेवून तेवढा तुकडा बदलता आला असता. आबांचा फुगा वळणाच्या खालच्या बाजूपर्यंत गेलेला. तिथं चिमटा लावायला जागाच नाही, आणि नस उघडी ठेवून शिवायचं म्हटलं तर मशीन चालू असेपर्यंत रक्त येतच राहणार, शिवणार कुठं? म्हणून मशीन पण थांबवायचं. हृदय बंद, मशीन बंद, अंगात कुठंच रक्त फिरत नाही, आणि तेवढ्या वेळात नवीन कापडी नळी शिवून घ्यायची.

माझ्या बायकोनं लगेच विचारलं, सर मग मेंदूचं काय. सर म्हणाले बरोबर प्रश्न विचारलात, बाकी सगळं ऑपरेशन टाक्यांचं आहे, हा भाग घड्याळाचा आहे.

मेंदू आपल्या वजनाच्या २ टक्के, पण आपण घेतो त्या ऑक्सिजनचा जवळपास २० टक्के तो एकटा खातो, आणि साठा काही ठेवत नाही. रक्त थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, चार-पाच मिनिटांनंतर कायमचं नुकसान व्हायला सुरुवात होते. आणि ही नळी शिवायला चार-पाच मिनिटं पुरत नाहीत, कितीही हात चालाख असला तरी. म्हणून आधी सगळं अंग गार करायचं.

इथं मला पटकन उलगडलं, कारण मी गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी आहे, करवीर तालुक्यात, आणि १४ वर्षं माझं रोजचं काम म्हणजे दुधाचं फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) आणि बल्क कूलरचं, म्हणजे दूध गार ठेवायच्या मोठ्या टाकीचं, टेंपरेचर. दूध धारेतनं येतं तेव्हा ३८ डिग्रीच्या आसपास असतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण पितात ते तसंच पिऊन टाकायचं असतं, ठेवायचं नसतं. तेच दूध कूलरला ४ डिग्रीवर नेलं की संघाचा टँकर येईपर्यंत टिकतं. पण दूध गार केल्यानं चांगलं होत नाही, त्यातले जंतू मरत नाहीत, त्यांचं काम फक्त मंदावतं आणि आपल्याला वेळ मिळतो, लाईट जाऊन दूध तापलं की परत सगळं चालू. मी सरांना हे बोललो तर ते म्हणाले जवळजवळ तसंच, आम्ही मेंदूला रक्त देत नाही, त्याची भूक कमी करतो. गारठ्यात मेंदूच्या पेशींचं काम मंद होतं, त्यामुळं आहे तेवढ्या ऑक्सिजनवर आणि साखरेवर त्या जास्त वेळ तग धरतात.

मग मी घरी येऊन आणि नंतर पण सरांना विचारून विचारून जेवढं समजलं तेवढं सांगतो. अंगाचं तापमान एक डिग्री उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी उतरते, आणि दहा डिग्री उतरलं की ती निम्म्याच्याही खाली येते. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ऑपरेशनच्या पेशंटमध्येच हे मोजलं आणि त्यावरनं रक्त किती मिनिटं थांबवता येईल याचा हिशोब मांडला. ३७ डिग्रीला ५ मिनिटं, ३० ला ९ च्या आसपास, २५ ला १४, २० ला २१, १५ ला ३१. सरांनी हेच आकडे केसपेपरवर एकाखाली एक लिहून दिले होते, तो कागद मी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय. एक गोष्ट मला तेव्हा फार लागली, की १५ डिग्रीला सुद्धा मेंदू पूर्ण बंद नसतो, नेहमीच्या १७ टक्के खर्च चालूच असतो. म्हणजे कितीही गार केलं तरी घड्याळ थांबत नाही, फक्त हळू चालतं. बरेच सर्जन १८ ते २० डिग्रीवर अर्ध्या तासाच्या आत काम संपवायचं बघतात, आणि चाळीस मिनिटांच्या पुढं गेलं की लकव्याचा धोका वाढतो हे जुन्या मोठ्या अभ्यासांत दिसलंय.

रक्त थांबल्यावर आत काय बिघडतं ते पण विचारलं होतं. पेशीच्या भिंतीत बारीक पंप असतात, ते सोडियम कॅल्शियम बाहेर ढकलत राहतात, आणि त्यांना चोवीस तास इंधन लागतं. इंधन संपलं की पंप बंद, मग कॅल्शियम आत घुसतं, आणि ग्लुटामेट म्हणून एक रसायन आहे ते पेशींच्या बाहेर सांडतं आणि शेजारच्या पेशींना नको तेवढं चेतवून मारतं. म्हणजे एक पेशी मरता मरता शेजारणीला घेऊन जाते. गारठ्याचा मोठा उपयोग इथं पण आहे, पंपाचं इंधन उशिरा संपतं आणि ते ग्लुटामेट सांडायचं प्रमाण पण खूप कमी होतं. हे मला ऐकून बरं वाटलं, कारण नुसतं 'बर्फात ठेवतो' असं कुणी सांगितलं असतं तर मी सही केली नसती.

ही काल-परवाची टूम नाही हे कळल्यावर आबांना पण धीर आला. कॅनडात टोरांटोला विल्फ्रेड बिगेलो म्हणून सर्जन होते, त्यांनी १९५० च्या सुमाराला कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की गार केलेल्या शरीराला ऑक्सिजन कमी लागतो, आणि थंडीभर बिळात झोपून राहणाऱ्या ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्याचा पण त्यांनी खूप अभ्यास केला. मग २ सप्टेंबर १९५२ ला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीला गार रबरी चादरीत गुंडाळून २८ डिग्रीपर्यंत आणलं, हृदयात येणारं रक्त पाच-साडेपाच मिनिटं थांबवलं आणि तेवढ्यात हृदयातलं भोक शिवलं. हार्ट-लंग मशीनवरचं पहिलं यशस्वी ऑपरेशन जॉन गिबन यांनी केलं ते त्याच्या पुढच्या वर्षी, मे १९५३ ला. म्हणजे उघड्या हृदयाच्या ऑपरेशनला आधी गारठाच कामाला आला, मशीन मागनं आलं. आणि आबांसारखं वळणाचं ऑपरेशन खोल गारठ्यात करायची पद्धत रँडल ग्रीप यांनी १९७५ मध्ये चार पेशंटवर करून छापली, तिथनं ती जगभर गेली. आबा हे सगळं ऐकून एवढंच म्हणाले, त्या पोरीच्या आईबापानं काळीज कसं घट्ट केलं असंल.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसातला आत नेलं. आमच्या तालमीची सोळा पोरं रक्त द्यायला आलेली, त्यातली अकरा पात्र ठरली, दोघांनी प्लेटलेट दिले. गार रक्त लवकर गोठत नाही, त्यामुळं अशा ऑपरेशननंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून रक्ताची तयारी आधी करून ठेवा हे आम्हाला आठ दिवस आधी सांगितलं होतं. हे त्यांचं काम चोख. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी हे कधीच आदल्या रात्रीवर ठेवू नका.

पण त्यानंतर जे झालं ते वाईट. साडेसात ते दुपारी साडेतीन आम्हाला कुणी एक शब्द सांगितला नाही. वेटिंगमध्ये स्क्रीन आहे, त्यावर आबांच्या नंबरापुढं दिवसभर फक्त 'ओटी', म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, एवढंच. काउंटरवर विचारलं तर 'झालं की सांगतील, सारखं विचारू नका'. आमची आई तिथं पदराचं टोक धरून बसलेली, तिला माहीत होतं की आज कधीतरी आपल्या नवऱ्याचं रक्त थांबवणार आहेत, कधी ते माहीत नाही. आठ तास. ज्या टीमनं आधी पाऊण तास देऊन सगळं समजावलं त्याच हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी एक फोन करायला माणूस नसावा? 'गार करायला सुरुवात केली', 'मशीन परत चालू झालं, आता गरम करतोय', एवढी दोन वाक्यं कुणी बाहेर येऊन सांगितली असती तर आईनं दिवसभर पाण्याशिवाय काढला नसता. मी हे लेखी दिलंय, उत्तर आलं नाही.

साडेतीनला सर बाहेर आले, म्हणाले झालं, १९ मिनिटं लागली. आई त्यांचे पाय धरायला वाकली तर त्यांनी तिला वरच्या वर धरलं.

दुसऱ्या दिवशी मी हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या माणसाला भेटलो. परफ्युजनिस्ट म्हणतात त्यांना. मला वाटतं आपल्याकडं सर्जनचं नाव सगळे घेतात, हा माणूस कुणाला माहीत पण नसतो, आणि खरं तर ती १९ मिनिटं आणि त्याच्या आधीचा नंतरचा सगळा वेळ त्याच्या हातात होता. पोरगा तिशीतला, शांत. मी दूध संस्थेचा म्हटल्यावर त्यानं खुर्ची ओढली आणि पंधरा-वीस मिनिटं बोलला. मशीनमध्ये हीट एक्सचेंजर असतो, एका बाजूनं पेशंटचं रक्त आणि दुसऱ्या बाजूनं गार पाणी, मध्ये पातळ पत्रा, दोघं एकमेकांत मिसळत नाहीत पण गारठा इकडनं तिकडं जातो. आमच्या डेअरीच्या प्लेट चिलरचं तत्त्व अगदी तेच. फरक एवढाच की दूध आम्हाला जेवढ्या लवकर गार होईल तेवढं बरं, आणि इथं घाई चालत नाही.

घाई का चालत नाही ते त्यानं सांगितलं आणि मला आमचा कूलर डोळ्यासमोर आला. कूलरमध्ये ढवळणारं पातं बंद पडलं की भिंतीजवळचं दूध ४ डिग्री दाखवतं आणि मधलं अजून कोमट असतं, मीटर बघून आपण फसतो. माणसाचं पण तसंच, नाकातनं आत सोडलेल्या तापमापकावर २० दिसलं म्हणजे मेंदूच्या आतला भाग २० झालाच असं नाही. म्हणून निदान वीस मिनिटं, शक्य तर त्याहून जास्त वेळ घेऊन सावकाश गार करतात, तापमान नाकात आणि लघवीच्या पिशवीत अशा दोन ठिकाणी बघतात, आणि डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवतात म्हणजे बाहेरची उष्णता आत जात नाही. आबांना ४० मिनिटं लागली. कपाळावर दोन पट्ट्या चिकटवलेल्या होत्या त्या डोक्यातल्या ऑक्सिजनचा अंदाज देत होत्या. आणि राखीव बंदोबस्त म्हणून उजव्या खांद्याखालच्या नसेला आधीच नळी जोडून ठेवलेली, शिवायला जास्त वेळ लागला असता तर त्या नळीतनं फक्त डोक्याला गार रक्त चालू करता आलं असतं. आजकाल पुष्कळ ठिकाणी ही डोक्याची नळी पहिल्यापासनंच चालू ठेवतात आणि मग अंग २५-२८ डिग्रीलाच ठेवतात, एवढं खोल जात नाहीत. कुठली पद्धत चांगली यावर सर्जन लोकांत एकमत नाही असं तो स्पष्ट बोलला. काम छोटं असेल, अर्ध्या तासाच्या आतलं, तर आमचे सर खोल गारठाच पसंत करतात म्हणाला.

मला वाटलं होतं गार करणं अवघड आणि गरम करणं सोपं. उलटं आहे. मशीनमधनं येणारं रक्त आणि अंगाचं तापमान यात दहा डिग्रीपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही, नाहीतर रक्तात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर येऊ शकतो. आणि ३७ च्या वर तर अजिबात जाऊ द्यायचं नाही, कारण नुकत्याच उपाशी राहिलेल्या मेंदूला थोडा जरी ताप मिळाला तरी नुकसान वाढतं. आबांना परत गरम करायला सव्वा तास घेतला त्यांनी. ऑपरेशन संपत आलंय, सगळे थकलेत, पुढची केस थांबलीय, आणि एक माणूस सव्वा तास दर मिनिटाला आकडा बघत बसतो. ऑपरेशनच्या टीमला मी पाच स्टार दिले ते या सव्वा तासासाठी.

आयसीयूत दुसऱ्या दिवशी सकाळी श्वासाची नळी काढली. सिस्टरनी पहिलं काम काय केलं तर नाव विचारलं, दोन्ही हात दाबायला लावले, दोन्ही पाय हलवायला लावले. चारी हलले. मी काचेबाहेर होतो. पण त्या रात्रीपासनं आबा बडबडायला लागले, म्हशीला वैरण टाकली का, टँकर गेला का, आणि सिस्टरला आमच्या आत्याच्या नावानं हाक मारायला लागले. आमच्या घरात रडारड, मेंदूला धक्का बसला म्हणून. सिस्टरनी समजावलं की मोठ्या हार्ट ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत असा भ्रम बऱ्याचदा होतो, दोन-चार दिवसांत उतरतो, तुम्ही दिवसा येऊन ओळखीच्या गोष्टी बोला, चष्मा आणा, घड्याळ दिसेल असं ठेवा. एक सिस्टर राधानगरीकडची होती, ती स्वतःच त्यांच्याशी म्हशींचं बोलत बसायची, किती लिटर देते, कितवं वेत, सगळं विचारायची. तिसऱ्या रात्री आबा शांत झोपले आणि चौथ्या दिवशी मला म्हणाले, तू दाढी का केली नाहीस.

बिलिंगचं सांगतो. ग्राफ्ट म्हणजे ती कापडी नळी, तिची किंमत आधीच्या एस्टिमेटमध्ये धरलेली नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सहाला फोन, एवढे पैसे भरा नाहीतर सकाळची केस पुढं ढकलावी लागेल. ऊसबिल अजून यायचं होतं. मेव्हण्यानं आणि संस्थेच्या चेअरमननी मिळून रातोरात सोय केली. ज्याला अशी माणसं नाहीत त्यानं काय करायचं? ऑपरेशनला ग्राफ्ट लागणार हे सर्जननं पंधरा दिवस आधी कागदावर चित्र काढून दाखवलेलं, मग बिलिंगला तेव्हाच का कळलं नाही. तुम्ही गेलात तर एस्टिमेटमध्ये ग्राफ्ट, रक्ताच्या पिशव्या आणि आयसीयूचे जादा दिवस धरलेत का ते लिहून घ्या, तोंडी ऐकू नका.

आता एक महत्त्वाचं, जे लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. आबांचं ऐकून गावात एक समज पसरलाय की डोकं गार केलं की मेंदू वाचतो. मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीत एका काकांना लकवा मारला तर घरच्यांनी तासभर डोक्यावर बर्फ ठेवला आणि मग गाडी काढली. असं करू नका, हात जोडून सांगतो. आबांना आधी गार केलं आणि मग रक्त थांबवलं, झोपेत, कुडकुडू नये म्हणून औषध देऊन, मशीनवर. लकव्यात रक्त आधीच थांबलेलं असतं, वरनं लावलेला बर्फ आत मेंदूपर्यंत काही गार करत नाही, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते तास बर्फात घालवायचे नाहीत. थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्यायचं.

डॉक्टरांच्या हातातला गारठा सुद्धा सगळीकडं चालत नाही. हृदय अचानक बंद पडून परत चालू केलेल्या पेशंटना गार करायची पद्धत २००२ च्या दोन अभ्यासांनंतर जगभर सुरू झाली होती, आणि मग २०२१ मध्ये जवळपास १९०० पेशंटवरच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की ३३ डिग्रीला नेल्याचा आणि नुसता ताप येऊ न दिल्याचा जीव वाचण्याच्या दृष्टीनं काही फरक नाही. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना ३३.५ डिग्रीवर ७२ तास ठेवतात, श्रीमंत देशांत त्याचा फायदा दिसलाय, पण त्याच २०२१ मध्ये भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ७ हॉस्पिटलांत ४०८ बाळांवर तपासलं तर फायदा दिसला नाही, उलट गार केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. हे मला सरांनीच सांगितलं, स्वतः रोज गारठा वापरणारा माणूस त्याच्या मर्यादा पण सांगतो म्हणून माझा विश्वास बसला. दुसऱ्या बाजूला १९९९ मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बागेनहोम नावाची डॉक्टर बाई बर्फाखालच्या ओढ्यात ८० मिनिटं अडकली, अंग १३.७ डिग्रीवर उतरलेलं, हृदय बंद, आणि तरी ट्रॉम्सोच्या हॉस्पिटलात मशीनवर हळूहळू गरम करून ती वाचली, नंतर परत कामाला पण लागली. हृदय बंद पडायच्या आधीच ती गार होत गेली, श्वास घ्यायला बर्फाखाली थोडी हवा होती, म्हणून हे झालं. क्रम महत्त्वाचा, आधी गारठा आणि मग बंद.

घरी आल्यावरचं. पहिला महिना आबांना माणसांची नावं आठवायला वेळ लागायचा, चेहरा ओळखायचे, नाव येईना. वाचताना दोन ओळी झाल्या की पेपर खाली ठेवायचे. सरांना सांगितलं, त्यांनी तपासून घेतलं, म्हणाले सुधारेल, घाई करू नका. आमच्याकडं दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं, आबा पूर्वी लिटर आणि फॅटवरनं आपलं बिल तोंडी काढायचे आणि माझ्या कॉम्प्युटरशी ताडून बघायचे. दुसऱ्या महिन्यात दोनदा चुकले आणि खूप नाराज झाले. तिसऱ्या महिन्याच्या अखेरच्या बिलाला रुपयापर्यंत बरोबर आले. नावं अजून कधीकधी अडकतात, विशेषतः संध्याकाळी दमल्यावर, ते लपवत नाही. जड उचलायचं बंद आहे, ब्लडप्रेशरची गोळी आयुष्यभर आहे.

शेवटी एक काम सांगतो जे मी केलं आणि तुम्ही पण करा. डिस्चार्जच्या फाईलमध्ये ऑपरेशनची नोट असते पण परफ्युजनचा चार्ट नसतो, म्हणजे किती वाजता किती तापमान, मशीन कधी थांबलं, कधी चालू झालं, ते सगळं ज्यावर असतं तो. पुढं कधी परत ऑपरेशन लागलं, उरलेल्या नसेला फुगा आला, तर नवीन डॉक्टरला त्याचा उपयोग होतो. मी रेकॉर्ड रूमला अर्ज दिला. नियमानं ७२ तासांत कागद द्यायला पाहिजेत, मला ९ दिवस लागले आणि चार हेलपाटे, दरवेळी गावातनं दसरा चौकापर्यंत आणि तिथनं पुढं. पण मिळाला. दोन पानं आहेत. ३६.४ पासनं रेघ खाली उतरत जाते, २०.१ ला सपाट होते, १९ मिनिटं पंपाच्या रकान्यात शून्य शून्य शून्य, आणि मग सावकाश वर. आबांना दाखवला तर चष्मा लावून बराच वेळ बघत बसले, मग त्या शून्यांवरनं बोट फिरवलं आणि आईला हाक मारली, म्हणाले हे बघ, एवढा वेळ मी नव्हतो.